मिनूचा शिळा पिझ्झा

ताई अकोल्याहून परत आली तेव्हा तिच्यासोबत एक सुटकेस होती, एक्स-रेचं मोठं पाकीट होतं आणि तिची लेक मिनू नव्हती. भाऊजींनी तिला बडनेऱ्याहून ऑटोनं आमच्या दारापर्यंत आणलं, सुटकेस समोरच्या खोलीत ठेवली आणि उभ्या उभ्याच पाणी प्यायले. वडिलांशी ते फार बोलले नाहीत. "टीबी निघाला. आई म्हणते, पुरती बरी होईस्तोवर इकडंच राहू द्या. घरात लहान लेकरू आहे," एवढं सांगून ते परतीच्या गाडीसाठी निघून गेले. ताई पलंगाच्या काठावर बसून त्यांच्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत जाईस्तोवर ऐकत होती. मिनूला तेव्हा अडीच वर्षं पूर्ण व्हायची होती. ती अजून ताईच्या कुशीत, तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत धरून झोपत असे.

आमचं घर अमरावतीत राजापेठेच्या मागच्या अंगाला होतं. वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, वकील होते. दिवाणी कामं बघत. बांधाचे, वाटणीचे, भिंतींचे वाद घेऊन येणारी माणसं सकाळपासून ओट्यावर बसलेली असायची, आणि दादा त्यांना शांतपणे समजावून सांगत. ताईसाठी समोरची खोली रिकामी केल्यावर त्यांची टेबलखुर्चीही ओट्यावरच आली. आईनं ताईचं ताट, वाटी, पेला वेगळे काढले आणि प्रत्येकाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. ती नेलपॉलिश ताईच्या लग्नातलीच होती. एका वाटीवर तर तो ठिपका ओघळून मोठा डागच झाला. ताईनं ती वाटी उलटी करून पाहिली आणि तिच्यात वरण घेतलं.

त्या घराचा आवाज मला अजून ऐकू येतो. सकाळी आईच्या पाट्यावरचा घर्रघर्र आवाज, ओट्यावर दादांचा खालच्या पट्टीतला आवाज, आणि या सगळ्याच्या खाली, थांबून थांबून, ताईचा खोकला. पहिले दोन महिने तिनं जवळजवळ काही खाल्लं नाही. गोळ्या पोटात गेल्या की तिला मळमळ सुटायची. आईनं काय केलं नाही? आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर, गव्हाचा चीक, मुगाचं कढण, गोळाभात, साजूक तुपातला शिरा. डॉक्टरांनी अंडी सांगितली होती. आमच्या घरात तोवर कधी अंडं आलं नव्हतं. आईनं अंगणात जुना स्टोव्ह मांडला, नाकाला पदर लावून अंडी उकडली आणि सोलून ताईपुढं ठेवली. ताई ती हातात धरून बसायची, थंड होईपर्यंत. "माझ्या गळ्याखाली उतरत नाई वं माय," म्हणायची. तिचे गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. आई स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडं तोंड करून रडायची, आणि मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची पुस्तकं पुढ्यात घेऊन एकही ओळ वाचत नसे.

तिसऱ्या महिन्यात ताईच्या थुंकीचा रिपोर्ट साफ आला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नऊ महिने घ्याव्याच लागतील, पण आता हिच्यापासून कोणाला लागण व्हायची भीती नाही, लेकराला जवळ घ्यायला हरकत नाही. दादांनी त्याच दिवशी अकोल्याला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं ते ताईच्या सासूबाईंच्या, विमलकाकूंच्या सांगण्यावरून भाऊजींनी लिहिलेलं. नऊ महिने म्हणजे नऊ महिने. आमच्या घरात आईचा एक दीर याच रोगानं गेलेला आहे, तेव्हाही डॉक्टर असंच म्हणाले होते. लेकराच्या जिवाचा खेळ करू नये.

आई त्या दिवशी पहिल्यांदा दादांवर चिडली. "तुमी वकील ना? लोकाइच्या भिंतीसाठी भांडता. मंग पोरीच्या लेकरासाठी काऊन गप्प बसून राहिले?"

दादांनी चष्मा काढून पुसला. "कोर्टातून लेकरू आणता येईल," ते म्हणाले, "पण मग तिचं अकोल्याचं दार कायमचं बंद होईल. तिला ते घर पाहिजे की नको, हे तिलाच विचार."

ताई दारात उभी होती. "मले दोन्ही पायजे," ती म्हणाली आणि आत जाऊन पलंगावर पडली.

त्यानंतरच्या एका शनिवारी दुपारी ती उठून स्वयंपाकघरात आली. तोंडाला तिनं स्वच्छ रुमाल बांधला होता. "आई, घरात मैदा आहे का?" तिनं विचारलं. आईनं पोळ्यांची कणीक तशीच सोडली आणि डबे उघडायला लागली. मैदा होता. खायचा सोडा होता, दही होतं. चीज नव्हतं. ताईनं मला राजकमल चौकातल्या एका दुकानात पिटाळलं. तिथं चीजचा डबा मिळायचा, पण कोणी घेत नसल्यामुळे दुकानदाराला तो वरच्या फळीवरून धूळ झटकून काढावा लागला.

पिझ्झा ताई अकोल्यात शिकली होती. जठारपेठेत बायकांचे वर्ग चालत, तिथं केक, नानकटाई आणि पिझ्झा शिकवायचे. तिच्या सासरी दर शनिवारी संध्याकाळी पिझ्झा व्हायचा, कारण मिनू दुसरं काही खाताना जीव नकोसा करायची, पण पिझ्झाचा तुकडा दोन्ही हातांत धरून शेवटपर्यंत खायची. आम्ही अमरावतीच्या लोकांनी तोवर त्याचं फक्त नाव ऐकलं होतं. ताईनं दह्यात मैदा भिजवला, ओलं फडकं टाकून उन्हाच्या कडेला ठेवला. टोमॅटो उकडून, सोलून, लसणाबरोबर इतके आटवले की ते पळीला चिकटायला लागले. त्यात तिखट, किंचित गूळ आणि हातावर चोळलेला ओवा घातला. हा ओवा तिचा स्वतःचा शोध होता. वर्गात सांगितलेला मसाला अकोल्यात मिळत नसे. आमच्याकडं ओव्हन नव्हता. तिनं जाड बुडाच्या कढईत मीठ पसरलं, त्यावर एक कडी ठेवली, कडीवर ताटली, आणि वर झाकण ठेवून त्याला कणकेनं सील केलं. मधूनमधून ती कट्ट्याला टेकून दम खायची. मी पुढं झाले की हातानं थांबवायची.

कणकेचं सील फोडून झाकण काढलं तेव्हा जो वास सुटला, त्यानं दादा पक्षकारांना सोडून आत आले. आम्ही चौघं जमिनीवर बसून खायला लागलो. चीज ओढलं की तार निघते हे आईला माहीत नव्हतं. तिची तार हनुवटीवर पडली आणि ती हसली. कित्येक आठवड्यांनी हसली. आणि ताईनं खाल्लं. एक तुकडा पूर्ण, मग दुसरा अर्धा. आम्ही कोणी तिच्याकडं पाहत नव्हतो, पाहिलं तर ती थांबेल असं वाटून. पण मला तिच्या चावण्याचा आवाज ऐकू येत होता.

आज माझी साठी उलटली आहे. नात पुण्याहून येते तेव्हा फोनवरून पिझ्झा मागवते, मधला भाग खाऊन कडा खोक्यात टाकून देते. ती खेळायला गेली की त्या कडा बारीक करते, तेलात मोहरी, कांदा, हिरवी मिरची, हळद घालून परतते आणि वर शेंगदाण्याचा कूट भुरभुरवते. शिळ्या पोळीचा करतात तसा हा कुस्करा आईनं शोधला होता. त्या पहिल्या रविवारी उरलेल्या तुकड्यांचं काय करावं हे न कळून तिनं फोडणी दिली, आणि दादांनी तो ठेच्याबरोबर दोनदा मागून घेतला. पण सगळे तुकडे तिला मिळाले नाहीत. चार चांगले तुकडे ताईनं आदल्या संध्याकाळीच डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवले होते.

"उद्या तू अकोल्याले जाय," ती मला म्हणाली. "तुले कोणी अडवणार नाई. मिनूले पाहून ये. अन हे दे."

तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून तिनं प्रत्येक दोहोंच्या मध्ये तेलाचा हात लावलेली एकेक पातळ पोळी घातली होती. गरम कसं करायचं तेही तिनं मला दोनदा सांगितलं. तवा आधी तापव, आच बारीक कर, तुकडा ठेव, तव्याच्या कडेला चार थेंब पाणी शिंपड आणि लगेच झाकण घाल. पाण्याच्या वाफेनं चीज मऊ होतं आणि खालून कडकपणा परत येतो. "थंडा नको देजो. थंडा झाला का ते थुकते."

बडनेऱ्याहून पॅसेंजरनं मूर्तिजापूर, मग अकोला. विमलकाकूंनी दार उघडलं आणि मला आधी न्हाणीघरात पाठवलं. हातपाय धुऊन, सोबत आणलेला धुतलेला ड्रेस घालून मी बाहेर आले. मिनू कोपऱ्यात बसली होती. ती इतकी वाळली होती की मला तिच्या कपाळाच्या शिरा दिसल्या. मला पाहून ती उठली नाही. माझ्या मागं दाराकडं पाहत राहिली, अजून कोणी येतंय का म्हणून.

विमलकाकू वाईट नव्हत्या, हे मला इथं लिहून ठेवलंच पाहिजे. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. "चार दिवस झाले, दुधावर आहे," त्या म्हणाल्या. "मी काय करू, तूच सांग. मारून पाह्यलं, गोड बोलून पाह्यलं. खातच नाई." मग त्यांची नजर डब्यावर गेली. "काय आहे त्याच्यात?"

"पिझ्झा."

"कोणं केला?"

गाडीत मी ठरवून आले होते की खरं सांगायचं, रिपोर्टची गोष्ट सांगायची. पण मिनूच्या कपाळाच्या त्या शिरा पाहून माझ्या तोंडून निघालं, "मी केला. ताई स्वयंपाकघरात येत नाही."

काकूंनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं आणि तवा काढून दिला. मी ताईनं सांगितलं तसं केलं. वास आला तशी मिनू उठून कट्ट्यापाशी आली. तिनं तुकडा दोन्ही हातांत धरला आणि खाल्ला, मान वर न करता. मग दुसरा खाल्ला. विमलकाकू ओट्यावर जाऊन बसल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. निघताना त्या म्हणाल्या, "दर रविवारी ये वं. अन हे करून आणजो." उरलेले दोन तुकडे आणि तेलकट पोळ्या त्यांनी आपल्या ताटलीत काढून घेतल्या आणि डबा धुऊन दिला.

घरी ताई फाटकात उभी होती. "खाल्ला?"

"दोन तुकडे."

तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "माझं नाव घेतलं?"

"घेतलं," मी म्हणाले. मिनूनं त्या दिवशी एक शब्दही उच्चारला नव्हता.

अशा दोन खोट्या गोष्टी एकाच दिवशी सुरू झाल्या, एक अकोल्यात आणि एक अमरावतीत, आणि दोन्ही मलाच सांभाळायच्या होत्या. दर शनिवारी पिझ्झा होऊ लागला. ताईच्या अंगात थोडी ताकद येऊ लागली, कारण मिनूसाठी चार तुकडे बाजूला काढले की उरलेलं ती आमच्याबरोबर खायची. मी आले की ती मला समोर बसवून सगळं विचारायची. आधी कुठला तुकडा उचलला, कडा खाल्ली का, सांडलं किती, हसली का. मी सांगत जायचे. ती ऐकताना डोळे मिटून घ्यायची. शेवटी प्रत्येक वेळी तोच प्रश्न यायचा, आणि मी प्रत्येक वेळी हो म्हणायचे. हळूहळू मी वाक्यंही बनवू लागले. मिनू म्हणाली, आई कधी येते. मिनू म्हणाली, आईचं डोकं दुखते का. ताई ती वाक्यं आठवडाभर पुरवून पुरवून वापरायची. आईला सांगायची, दादांना सांगायची.

अकोल्यात मात्र मिनू दाराकडं पाहायची थांबली होती. आता ती माझी वाट पाहायची. गल्लीत माझी चाहूल लागली की पळत यायची, माझ्या कडेवर चढून माझ्या गळ्यातली साखळी मुठीत धरायची. मी तिला ताईबद्दल सांगू पाहिलं. "तुझी आई अमरावतीले आहे, तिनं तुझी आठवण काढली." ती ऐकून घ्यायची, आणि पुन्हा डब्याचं झाकण उघडायला लागायची. आई हा शब्द तिच्यासाठी दूरच्या कुठल्या गावाचं नाव झाला होता.

कितव्या रविवारी ते झालं ते आता आठवत नाही. मी तव्यावर झाकण घातलं होतं, आणि ती माझा दुपट्टा ओढत म्हणाली, "आई, झाला?"

मी वळून पाहिलं. विमलकाकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनीही ऐकलं होतं. "मी मावशी आहे," मी मिनूला म्हणाले.

"म्हणू दे," काकू म्हणाल्या. "लेकरू शांत आहे, खाऊन राह्यलं. काय बिघडते?"

मला तिथल्या तिथं ते तोडता आलं असतं. मी तोडलं नाही. खरं लिहायचं तर मला ते आवडलं होतं. एकोणीस वर्षांची होते मी. कोणी माझ्यासाठी असं धावत येत नव्हतं. गाडीत परत येताना मी तो शब्द मनात कितीदा तरी पुन्हा ऐकला. घरी ताई फाटकात उभी होती. त्या दिवशीही तिनं विचारलं, आणि मी म्हणाले, "हो, आई म्हणाली." ते वाक्य खरं होतं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला पाहवला नाही. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

पुढच्या दोन रविवारी मिनूनं मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नाही. ताईला त्याच दिवसांत पुन्हा ताप आला. डॉक्टर म्हणाले साधा ताप आहे, पण आई देवापुढून उठेना आणि दादांनी दोन दिवस कोर्टात पाऊल टाकलं नाही. ताप उतरला. मी रविवारी अकोल्याला गेले तर काकूंनी तापाचं ऐकून मला जवळ बसवलं. माझ्या केसांवरून हात फिरवला. त्यांचा आवाज मायेचाच होता.

"देव न करो," त्या म्हणाल्या, "पण उद्या काई कमीजास्त झालं, तर या लेकराले तुझ्याशिवाय कोणी नाई. तुले आई म्हणतेच. परकी पोरगी आणण्यापेक्षा घरातली बरी. मी याच्याही कानावर घालणार आहे."

'याच्याही' म्हणजे भाऊजींच्या. मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तव्यावरचा तुकडा जळत होता, आणि मिनू त्याच्याकडं बोट दाखवत मला आई म्हणून हाक मारत होती. माझी ताई जिवंत होती. नव्वदेक किलोमीटरवर समोरच्या खोलीत बसून माझी वाट पाहत होती. आणि इथं तिची जागा पुसून झाली होती. ती पुसायला माझाच हात लागला होता.

मी न जेवता निघाले. घरी आल्यावर मी ताईकडं गेलेच नाही. ओट्यावर दादांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. पिझ्झा मी केला असं सांगितल्याचं, मिनू ताईचं नाव घेत नाही याचं, मला आई म्हणते याचं, आणि काकू काय म्हणाल्या ते. दादांच्या समोर कोणाचा तरी जमिनीचा नकाशा पसरला होता, त्याची त्यांनी हळूहळू घडी घातली. मग म्हणाले, "उद्याच जाऊ. तिला घेऊन जाऊ. तिला यातलं काय सांगायचं?"

"मी ऐकलं," दारातून ताई म्हणाली.

मला वाटलं होतं ती ओरडेल, रडेल, मला काही बोलेल. ती स्वयंपाकघरात गेली. रुमाल बांधला आणि मैदा काढला. आई म्हणाली, आता कशाला वं, उद्या जायचंच आहे. ताई म्हणाली, "रिकाम्या हातानं नाई जायचं मले." परातीत तिचे हात चालत होते आणि गालावरून पाणी वाहून रुमालात मुरत होतं. त्या संध्याकाळी कढईभोवती आम्ही चौघं होतो, पण कोणी एक घासही खाल्ला नाही. आख्खा पिझ्झा उरला. तिनं सगळे तुकडे पोळ्यांमध्ये घालून डब्यात रचले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दादा, ताई आणि मी निघालो. दादांच्या बॅगेत डॉक्टरांचं पत्र आणि सगळे रिपोर्ट होते. मूर्तिजापूर येईपर्यंत ताई डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती. मग खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "ते मले ओळखणार नाई ना?" खोटं सांगायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

दार भाऊजींनी उघडलं. ताईला पाहून ते बाजूला झाले. आतून मिनू पळत आली, ताईच्या साडीला घासून पुढं गेली आणि माझ्या पायांना मिठी मारली. "आई, आज काऊन आली? आज रविवार आहे?"

ताई तिथंच उंबऱ्यावर खाली बसली. पडली नाही, बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती मिनूच्या पाठीकडं पाहत होती. विमलकाकू बाहेर आल्या. दादांनी बॅग उघडून कागद काढले आणि कोर्टात बोलतात तसं हळू, एकेक मुद्दा मांडू लागले. काकूंचं लक्ष कागदांकडं नव्हतं. त्या डब्याकडं पाहत होत्या, जो आज ताईच्या हातात होता.

"काकू," मी म्हणाले, "सगळे पिझ्झे ताईनंच केले. मी एकही केला नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "तू माह्या नातीले टीबीवालीच्या हातचं खाऊ घातलं? इतके दिवस? मी तुह्यावर भरोसा ठेवला."

"ठेवला होता," मी म्हणाले.

"मले माहीत होतं," भाऊजी म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. हा माणूस आईसमोर कधी मान वर करून बोलला नव्हता, आताही मान खालीच होती. "रविवारी संध्याकाळी घरी आलो की उरलेले तुकडे अन मधल्या पोळ्या मीच खात होतो. तिच्या हातची पोळी मी ओळखत नाई का? पहिल्याच रविवारी ओळखली. मले काई झालं नाई. मिनूले काई झालं नाई. उलट अंगानं भरली ते." मग ते थांबले. "मी बोललो नाई, कारण बोललो असतो तर तेही बंद झालं असतं."

काकू खाली बसल्या. दादांनी डॉक्टरांचं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं. भाऊजींनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि 'लागण होण्याची शक्यता नाही' या ओळीवर काकूंनी त्यांना थांबवलं. "पुन्हा वाच," म्हणाल्या. त्यांनी पुन्हा वाचलं. काकू ताईकडं वळल्या. "माह्या दिराच्या वेळी कोणी असं लिहून नाई देलं," त्या म्हणाल्या. मग तशाच उठून आत गेल्या आणि ताईसाठी पाणी घेऊन आल्या, घरातल्या रोजच्या पेल्यात.

त्या दुपारी ताईनं तवा ठेवला, तुकडे गरम केले. मिनू माझ्या मांडीवर बसून खात होती. ताईनं हात पुढं केला की ती माझ्या पोटात तोंड लपवायची. "ही तुझी आई," सगळे तिला सांगत होते. ती प्रत्येकाकडं पाहायची आणि माझी साखळी आणखी घट्ट धरायची.

ठरलं ते असं की ताई तिथंच राहील. संध्याकाळच्या गाडीनं दादा आणि मी परतणार होतो. मी उठले तशी मिनूनं हंबरडा फोडला. भाऊजींनी तिला माझ्यापासून सोडवून घेतलं. तिच्या मुठीत माझी साखळी तुटून राहिली. मी अंगणात आले तर ताई मागून आली. दादा पुढं गल्लीच्या तोंडाशी पोचले होते.

तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला. कितीतरी महिन्यांत तिनं मला असा हात लावला नव्हता, लागण होईल म्हणून. "तू नसती तर ते जगलं नसतं," ती म्हणाली. "मले माहीत आहे. पण आता तू येऊ नको. मी बोलवीस्तोवर येऊ नको. तू येत राह्यली तर ते माझं कधीच होणार नाई."

मी मान हलवली. आतून मिनूचं रडणं ऐकू येत होतं, आणि ते मला बोलावणारं होतं. ताईनं ते ऐकत मला फाटकाबाहेर केलं आणि कडी लावली.

ते वर्ष कसं गेलं ते मी कोणाला सांगितलं नाही. मी परीक्षा दिली, पास झाले. शनिवारी संध्याकाळी आई मला उगाच काहीतरी काम काढून द्यायची. दादा अकोल्याला जाऊन येत. ताईच्या गोळ्या संपल्या, तिचं वजन वाढलं, ती खोकत नाही, एवढं सांगत. मिनूबद्दल मी विचारत नसे आणि ते सांगत नसत. एकदा रविवारी सकाळी मी उठून तयार झाले, स्टेशनची वाट अर्धी चालले आणि परत फिरले. दुसऱ्यांदा बडनेऱ्यापर्यंत गेले, गाडी येऊन उभी राहिली, आणि मी बाकावरून उठले नाही. मला कोणी मेल्याचं दुःख असावं तसं दुःख होतं, पण कोणी मेलं नव्हतं, म्हणून ते कुठं ठेवावं कळत नव्हतं.

मग एका दुपारी ताईचं अंतर्देशीय पत्र आलं. फार मोठं नव्हतं. घरची खुशाली होती, काकूंच्या गुडघ्यांचं होतं. शेवटी तिनं लिहिलं होतं, 'परवा मिनूनं अल्बममधला तुझा फोटो पाहून विचारलं, ही कोण. मी दोनदा विचारलं, खरंच आठवत नाही का. तिला आठवत नाही. आता तू ये.'

मी त्याच रविवारी गेले. दार मिनूनं उघडलं. उंच झाली होती, दोन वेण्या घातल्या होत्या. तिनं मला वरून खालपर्यंत नीट पाहिलं.

"कोण पायजे तुमाले?" तिनं विचारलं.

"मी मावशी," मी म्हणाले.

ती आत वळली आणि आईला हाक मारत पळाली.